बेल्ट ग्राइंडरवर सुरीचा उतार कसा काढायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

सुरी बनवायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी एकाच जागी अडते, ती म्हणजे उतार, ज्याला सगळे बेव्हल म्हणतात. पट्टी कापून आकार देणं जमतं, मूठ बसवणं पण जमतं, पण पाठीपासून धारेपर्यंत एकसारखं पातळ होत जाणारं पातं काढताना तासन्तास घासलं तरी काम पुढे सरकत नाही, पातं तापतं, मनगट दुखतं आणि उतारावर दोन-तीन वेगवेगळ्या पायऱ्या दिसायला लागतात. मग माणूस म्हणतो आपल्या हातात ते नाहीये. माझं मत असं की बहुतेक वेळा हाताचा दोष नसतोच, दोष असतो बेल्टचा, म्हणजे ग्राइंडरवर फिरणाऱ्या खरखरीत दाण्यांच्या पट्ट्याचा, तो एकतर फार बारीक दाण्याचा असतो नाहीतर घासून मेलेला असतो. जाड दाण्याचा ताजा बेल्ट, नीट दाब आणि कमीत कमी फेऱ्या, खाली लिहिलेलं सगळं याच तीन गोष्टींच्या भोवती आहे.

आधी काम किती आहे ते बघा

समजा पट्टी ३ मिमी जाड, पातं २०० मिमी लांब, उताराची उंची २५ मिमी आणि शेवटी धारेला अर्धा मिमी जाडी ठेवायचीय. म्हणजे प्रत्येक बाजूने धारेपाशी सव्वा मिमी धातू जायला हवा आणि वर जाता जाता तो शून्यावर यायला हवा. याचा त्रिकोण काढून हिशोब केला तर दोन्ही बाजू मिळून साधारण सव्वासहा घन सेंटिमीटर पोलाद निघतं, वजनात जवळपास ५० ग्रॅम. हे ५० ग्रॅम उडवणं हेच खरं काम आहे, पुढचे बारीक बेल्ट फक्त ओरखडे काढायला असतात. नंबर जितका लहान तितका दाणा जाड. नवीन माणूस ३६ नंबरच्या बेल्टला घाबरतो, १२० नंबरपासून सुरू करतो, आणि मग ते सगळे ५० ग्रॅम १२० नंबरने काढत बसतो, तिथेच वेळ जातो आणि तिथेच पातं तापतं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे कोन. २५ मिमी उंचीवर सव्वा मिमी उतार म्हणजे एका बाजूला जेमतेम ३ अंश. बरेच जण १५ किंवा २० अंश ऐकून आलेले असतात आणि पातं तसं तिरकं धरायला जातात, पण तो कोन शेवटी साणेवर धार लावतानाचा असतो, उताराचा नाही. उतार काढताना पातं बेल्टला जवळजवळ सपाटच टेकलेलं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की हात आपोआप सुधारतो.

बेल्ट कुठला घ्यायचा

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचे दाणे मिळतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड सगळ्यात साधा, लाकडाला आणि हलक्या कामाला ठीक, पोलादावर त्याचे दाणे लवकर बोथट होतात. झिर्कोनिया मधला. आणि सिरॅमिक, जो उतारासाठी घ्यायचा. सिरॅमिकचं वैशिष्ट्य असं की दाब पडला की त्याचा दाणा बारीक बारीक तुटत राहतो आणि प्रत्येक वेळी नवीन टोकदार कडा बाहेर येते, म्हणजे बेल्ट स्वतःला धार लावत जातो. पण यासाठी दाब लागतो आणि वेग पण लागतो. घाबरत घाबरत हलक्या हाताने सिरॅमिक चालवला तर दाणा तुटत नाही, नुसता वरून घासून गुळगुळीत होतो, बेल्टवर चकाकी येते आणि मग तो कापायचं सोडून फक्त तापवतो. चांगला बेल्ट असा वाया घालवलेले खूप जण आहेत, मी पण सुरुवातीचे काही बेल्ट असेच घालवले.

नंबरांचं म्हणाल तर सुरुवातीला तीनच ठेवा, ३६ किंवा ६० सिरॅमिक, मग १२०, मग २२०. पी अक्षरवाल्या मापात पी ३६ चा दाणा साधारण अर्धा मिमी असतो, पी ६० चा पाव मिमीच्या थोडा वर, पी १२० चा ०.१२५ मिमी आणि पी २२० चा ०.०७ मिमीच्या जवळ, म्हणजे प्रत्येक टप्प्याला दाणा साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा कमी होत जातो. म्हणून मधले सगळे नंबर विकत घेत बसायची गरज नाही. बेल्टच्या मागे बाण छापलेला असेल तर त्याच दिशेने चढवा, नाहीतर सांध्यावर ठकठक बसते आणि सांधा उचकटू शकतो.

बेल्ट संपलाय हे कसं ओळखायचं? ठिणग्या कमी होतात, आवाज करकरीतचा जाऊन घोगरा होतो, पातं आधीपेक्षा लवकर तापायला लागतं आणि नकळत तुम्ही जास्त जोर लावायला लागता. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ज्या क्षणी जोर वाढतोय असं वाटलं त्या क्षणी बेल्ट बदला, कारण मेलेल्या बेल्टवर जोर लावला की पातं घसरतं, आणि एका घसरण्यात तासाभराचं काम जातं. काढलेला बेल्ट फेकू मात्र नका, त्याला पुढे काम आहे.

मशीनबद्दल थोडंसं

२ बाय ७२ इंचाचा बेल्ट, म्हणजे साधारण ५० बाय १८३० मिमी, हा सुरी बनवणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त चालणारा साइज आहे, कारण बेल्ट लांब असल्यामुळे तो थंड राहतो आणि जास्त टिकतो, शिवाय सगळ्या प्रकारचे बेल्ट याच मापात मिळतात. १ बाय ३० च्या छोट्या मशीनवर पण उतार निघतो, फक्त वेळ जास्त लागतो आणि बेल्ट लवकर संपतात. वेगाचा हिशोब सोपा आहे, चालवणाऱ्या चाकाचा परीघ गुणिले मोटरचे फेरे. ६ इंची चाक आणि मिनिटाला २८८० फेऱ्यांची मोटर असेल तर बेल्ट सेकंदाला साधारण २३ मीटर पळतो, जाड कामाला हे छान आहे. तीच मोटर १४४० ची असेल तर वेग निम्मा, शिकायला तो पण चालेल. वेग कमीजास्त करायची सोय असेल तर जाड बेल्ट जोरात आणि बारीक बेल्ट हळू, एवढं लक्षात ठेवा.

बेल्टच्या मागची सपाट प्लेट, जिला प्लॅटन म्हणतात, ती खरोखर सपाट आहे का ते एकदा सरळ पट्टी लावून बघा. वापरून वापरून ती मधे खोलगट होते आणि मग तुम्ही कितीही सरळ धरलं तरी उतार फुगीरच येतो. पात्यात चूक शोधत बसण्याआधी प्लेट तपासा.

डोळे, फुप्फुसं, बोटं

पोलादाची धूळ फार बारीक असते आणि ती छातीत गेली की सहज बाहेर येत नाही, त्यामुळे कपड्याचा रुमाल नाही, नीट घट्ट बसणारा फिल्टरवाला मास्क लावा, आणि मशीन बंद केल्यावर पण थोडा वेळ तो काढू नका कारण धूळ हवेत असतेच. चष्मा आणि त्याच्यावर चेहऱ्याचं शील्ड, कानाला मफ. हातमोजे घालू नका, मोजा बेल्ट आणि टेबलच्या फटीत अडकला तर बोट सोबत जातं, शिवाय उघड्या बोटांना पातं किती तापलंय ते कळतं. सैल बाह्या, गळ्यातली दोरी, मोकळे केस, काही नको. ठिणग्या पडतात तिथे खाली पाण्याची बादली ठेवा. आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात: ज्या मशीनवर ॲल्युमिनियम घासलंय तिथे साफ न करता पोलाद घासू नका, ॲल्युमिनियमची भुकटी, गंजाची भुकटी आणि ठिणगी हे एकत्र आलं तर भयंकर आग लागू शकते. लाकडाचा भुसा साठलेला असेल तरी आधी झाडून घ्या.

आता कामाला लागू. पहिलं, रेषा

पात्याचा बाहेरचा आकार पूर्ण करून घ्या, धारेची कड मशीनवर पट्टीला काटकोनात घासून स्वच्छ करा आणि तिच्यावर काळा किंवा निळा मार्कर फासा. आता त्या कडेवर दोन समांतर रेषा हव्यात, ज्यांच्यामधला धातू तुम्ही शिल्लक ठेवणार. हाइट गेज, म्हणजे ठरावीक उंचीवर रेषा मारायचं साधन, असेल तर उत्तम, नसेल तर ड्रिल बिटने काम होतं. ३ मिमी पट्टीला ४ मिमीचं बिट घ्या, दोन्ही एका सपाट फरशीवर आडवे ठेवा, बिटचं टोक २ मिमी उंचीवर येतं, ते कडेवरून ओढत न्या, पातं उलटं करून परत ओढा. दोन रेषांमधे बरोबर १ मिमी राहतो. पाणी देण्याआधी, म्हणजे पातं भट्टीत तापवून तेलात बुडवून कडक करण्याआधी, एवढी जाडी ठेवलेली बरी, कारण धार फार पातळ केली तर भट्टीतून काढून तेलात बुडवताना ती वाकते, लाटांसारखी होते, कधी तडकते. रेषा आळसाने टाळू नका. रेषेशिवाय दोन्ही बाजू सारख्या येणं हे नशिबावर सोडल्यासारखं होतं, आणि घासताना तुम्हाला बघायला दुसरं काहीच नसतं.

दुसरं, कोपरा मोडणं

इथे तो जुना बेल्ट कामाला येतो. पट्टीचा काटकोनी धारदार कोपरा नवीन बेल्टवर टेकवला तर तो कोपरा बेल्टचे दाणे खरवडून काढतो, म्हणजे नवा बेल्ट पहिल्याच मिनिटात निम्मा मरतो. म्हणून जुन्या बेल्टवर पातं साधारण ४५ अंशात तिरकं धरून दोन्ही बाजूंचे कोपरे रेषेपर्यंत मोडून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण यानेच बेल्ट सगळ्यात जास्त वाचतो आणि शिवाय तुमची रेषा आता एक ठळक कड बनते, जी ठिणग्यांमधून पण दिसते.

तिसरं, उतार वर चढवणं

आता नवीन ३६ किंवा ६० चढवा. बहुतेक जण धार वर ठेवून घासतात कारण बेल्ट खाली पळतो आणि रेषा डोळ्यांसमोर राहते, मी पण तसंच सांगेन. एका हातात मुठीचा भाग, दुसऱ्या हाताचा अंगठा पात्याच्या मागून दाब द्यायला. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून घ्या. पुढची गोष्ट लिहायला सोपी आणि करायला अवघड आहे: हात हलवायचे नाहीत, अंग हलवायचं. पाय थोडे फाकवून उभं राहायचं आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत पातं मुठीकडून टोकाकडे न्यायचं. हात हलला की मनगट फिरतं, मनगट फिरलं की कोन बदलतो, कोन बदलला की उतारावर नवीन पायरी पडते.

सुरुवात त्या ४५ अंशाच्या मोडलेल्या कोपऱ्यापासून होते आणि प्रत्येक फेरीत तो उतार थोडा थोडा पाठीकडे चढवत न्यायचा असतो. चढवायचा कसा, तर अंगठ्याच्या जागेने. अंगठा धारेजवळ दाबला तर धारेकडे कापतं, अंगठा पाठीकडे सरकवला तर उताराची वरची कड पाठीकडे सरकते. पातं मुद्दाम तिरकं करायचं नाही, फक्त दाब सरकवायचा. ठिणग्या कुठून उडतायत ते बघत राहा, जिथून ठिणगी तिथेच धातू जातोय. फेरी सुरू करताना बेल्टला टेकवण्याआधी एक क्षण थांबा, आधीचा सपाट भाग बेल्टवर बसतो ते बोटांना जाणवतं, ते जाणवल्यावरच दाब द्या. दाब भरपूर, वेग एकसारखा, मधे थांबायचं नाही, कारण जिथे थांबलात तिथे खड्डा.

दर तीन-चार फेऱ्यांनी बाजू बदला. एकच बाजू पूर्ण करून मग दुसरी करायला गेलात तर पातं एकीकडून तापून वाकतं आणि धारेची रेषा मधे राहत नाही. आणि आधी तुमच्या कमजोर हाताची बाजू करा, म्हणजे उजवखुऱ्यांना जी बाजू अवघड जाते ती. तिथे जो उतार येईल त्याच्याशी जुळवून घ्यायला चांगला हात नंतर मोकळा असतो, उलटं केलं तर छान आलेल्या बाजूची बरोबरी कमजोर हाताला करता येत नाही.

टोक आणि प्लंज

टोकाकडे पातं गोल होत जातं, तिथे सरळ ओढत गेलात तर उतार टोकापाशी पाठीपासून लांब राहतो, म्हणून धारेला वळण सुरू झालं की मुठीकडचा हात हळूहळू खाली न्या, म्हणजे धारेचा तेवढा तुकडा बेल्टला आडवाच राहील. आणि टोक बेल्टच्या बाहेर ओढून काढायचं नाही. टोक बेल्टच्या मधोमध आलं की दाब सोडा आणि पातं सरळ मागे घ्या, नाहीतर बेल्टची कड टोकावर गुंडाळते आणि टोक गोल, पातळ होऊन जातं, आणि टोक गेलं की पूर्ण पातं आखूड करावं लागतं.

प्लंज म्हणजे मुठीजवळ जिथे उतार अचानक थांबतो ती रेषा. सुरुवातीला तिच्यापासून ३-४ मिमी दूरच राहा आणि जाड काम उरकलं की मग तिथे या. दोन्ही बाजूंना एकाच जागी यायला हवं असेल तर पात्यावर कडक केलेल्या पोलादाची दोन तुकड्यांची गाइड आवळून बसवा, बेल्ट तिला टेकला की पुढे जात नाही. बेल्ट प्लेटच्या कडेबाहेर १-२ मिमी सरकवून चालवला तर बेल्टची कड थोडी मऊ पडते आणि प्लंजला छान गोलाई येते, अगदी काटकोनी खाच दिसायला बरी वाटते पण तिथूनच पातं तडकायची भीती असते.

पाणी दिल्यानंतर

पाणी देण्याआधी पातं निळं पडलं तरी साध्या कार्बन पोलादात कायमचं नुकसान होत नाही. पण पाणी देऊन टेम्पर केल्यावर, म्हणजे ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून परत हलकं तापवल्यावर, खेळ बदलतो. टेम्परिंग २०० अंश सेल्सिअसच्या आसपास केलेलं असेल तर तो फिकट पिवळा रंग, आणि ३०० च्या आसपास निळा. घासताना धारेवर निळी झाक आली म्हणजे तेवढा भाग मऊ झाला, ती झाक घासून काढली तरी कडकपणा परत येत नाही, तेवढा धातूच काढून टाकावा लागतो नाहीतर परत पाणी द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पाण्यात बुडवायचं आणि ओलंच परत बेल्टवर न्यायचं. धारेवरची ओल सुकायला लागली की पुढची फेरी नाही, आधी बादली. बोटांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, कारण बोटं जाड भागावर असतात आणि धार पातळ असल्यामुळे ती बोटांच्या कितीतरी आधी तापते.

इथे लोक बेल्ट वाचवायला जातात आणि पातं घालवतात. कडक पात्यावर जुना बेल्ट म्हणजे निव्वळ उष्णता. १ मिमीवरून खाली यायला ६० नंबरचा ताजा सिरॅमिक घ्या, वेग कमी करा, आणि दर दोन फेऱ्यांनी व्हर्निअरने धार मोजा. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावण्याआधी ०.२ ते ०.३ मिमी, बाहेरच्या रफ कामाच्या सुरीला ०.४ ते ०.५ मिमी. बारीक बेल्टसाठी थोडी जाडी शिल्लक ठेवा, ०.१ मिमी पुरते.

बारीक बेल्ट

१२० चढवण्याआधी पूर्ण उतारावर मार्कर फासा आणि पातं किंचित तिरकं धरून घासा, म्हणजे नवे ओरखडे जुन्यांना कापत जातील. मार्कर कुठे शिल्लक राहतो ते बघा, तिथे खळगा आहे. खळगा खोल असेल तर १२० ने झगडू नका, परत ६० वर जा, हे मागे येणं नाही, हाच जवळचा रस्ता आहे. ६० चा एक जरी ओरखडा राहिला तर तो २२० वर गेल्यावर आणखी उठून दिसतो. २२० नंतर मी मशीन सोडतो आणि कडक लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने लांबीच्या दिशेने घासतो.

गडबड झाली तर

उतारावर दोन सपाट पायऱ्या पडल्या असतील तर दोघींच्या मधल्या उंचवट्यावर अंगठा ठेवून तेवढाच घासा, दोन-चार फेऱ्यांत त्या मिळतात. एका बाजूचा उतार दुसरीपेक्षा वर गेला तर कमी असलेल्या बाजूवर दाब पाठीकडे ठेवून तो चढवा, पण धारेची रेषा बघत, कारण रेषा ओलांडली की धार मधून सरकली. धार वरून बघताना लाटेसारखी दिसत असेल तर कुठेतरी तुम्ही फेरी मधे थांबवताय, बहुतेक वेळा प्लंजपाशी सुरुवात करताना. आणि एखाद्या दिवशी काहीच जुळत नसेल तर मशीन बंद करून साध्या लोखंडाच्या पट्टीवर रेषा मारून दहा-पंधरा उतार काढा. लोखंड थोडं वेगळं घासलं जातं, पण पाय, कोपर आणि अंगठा तिथेच शिकतात, आणि चांगलं पोलाद वाया जात नाही.

बेल्ट काढल्यावर घडी घालून कपाटात कोंबू नका, जाड पाइपवर लटकवा, कोरड्या जागी, आणि पाठीमागे मार्करने लिहून ठेवा, नवा, कोपरा मोडायचा, लाकडाचा. पोलादावर चाललेला बेल्ट मुठीच्या लाकडावर वापरला की लाकडात काळे डाग बसतात, ते निघत नाहीत.